शिवकन्येची बिनविरोध झोपमोड

नियम सरळ आहे. चढाईस गेलेला खेळाडू प्रतिपक्षाच्या अंगणातली निदानरेषा न ओलांडता परत फिरला, की तो बाद. तो का फिरला, हे विचारण्याची तरतूद मात्र कबड्डीच्या नियमांत कोठेही नाही. आणि राधाकिशनरावांचे त्या संध्याकाळचे सारे दुःख नेमके या न केलेल्या तरतुदीत साठलेले होते. कारण शाळेच्या मैदानावर त्यांच्या डोळ्यांदेखत जो खेळाडू परत फिरला, ती त्यांची स्वतःची कन्या होती.

तिचे नाव शिवकन्या. वय सोळा, इयत्ता दहावी. आदल्याच वर्षी परळीच्या मैदानावर तिने कमरेला बिलगलेल्या तीन मुलींना ओढत आणून मध्यरेषेला हात लावला होता. हा प्रसंग सिरसाळ्यात सर्वश्रुत होता. लोक पुढे सांगताना तीन मुलींच्या पाच करीत, आणि राधाकिशनराव, अभिमानाने छाती भरून आलेली असतानाही, "तीनच" अशी दुरुस्ती करीत. अतिशयोक्ती स्वतःच्या लाभाची असली म्हणून ती खपवून घ्यावी, असे त्यांचे शास्त्र नव्हते. अशी ही मुलगी, जिल्हा संघाची निवड महिन्यावर आलेली असताना, प्रतिपक्षाच्या अंगणात चार पावले जाई, थबके आणि मागे वळे.

"सर, हा काय प्रकार आहे?" त्यांनी क्रीडाशिक्षक शहादेव सरांना विचारले.

"पायात खोट न्हाई," सर म्हणाले. "दम कमी पडतोय, ती बाब निराळी. पण पोरीचा सोतावरचा भरवसाच उडालाय. आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणती, जमायचं न्हाई."

हे वाक्य राधाकिशनरावांच्या वर्मी लागले. ते एका सेवा सहकारी सोसायटीचे सचिव होते, आणि वीस वर्षांच्या सेवेत, कोणत्याही सभेत, कोणत्याही मुद्द्यावर आपले चुकले असे त्यांनी मान्य केल्याची नोंद नव्हती. आत्मविश्वास हा त्यांच्या मते जमिनीसारखा वारसाहक्काने उतरणारा विषय होता. तो बापाकडे मुबलक असून मुलीकडे पोचला नाही, याचा अर्थ वाटेत कोठेतरी गळती होती. गळती शोधली पाहिजे, असे त्यांनी ठरवले.

शोध लागण्यापूर्वी सल्ले लागले. समोरच्या घरातल्या केशरबाईंनी ओट्यावरूनच निदान केले.

"दिष्ट लागली, भाऊ. पोरीचा फोटू पेपरात आलता का न्हाई?"

"तो गेल्या वर्षी आला होता, केशरबाई. दृष्ट लागायचीच होती, तर तिने वर्षभर वाट कशाला पाहिली?"

"दिष्टीला काय गाडी गाठायची असती का?" केशरबाई म्हणाल्या. आणि या प्रश्नाला तर्कशास्त्रात उत्तर सापडेपर्यंत घरात मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या होत्या.

दुसरे निदान सुंदररावांचे. सुंदरराव हे सोसायटीचे माजी संचालक आणि राधाकिशनरावांचे वीस वर्षांचे प्रतिपक्षी. वार्षिक सभेत सुंदररावांनी हरकत घ्यावी आणि सचिवांनी तिचे तीन मुद्द्यांत खंडन करावे, हा परिसरातल्या शेतकऱ्यांच्या करमणुकीचा नेमाचा कार्यक्रम होता. एकाच गल्लीत राहून दोघांनी हे वैर मोठ्या निगुतीने सांभाळले होते.

"सचिव, मोबाईल बघा आधी," सुंदरराव म्हणाले. "रातच्या दोन वाजता तुमच्या पोरीच्या हातात मोबाईल असतो. म्या सोता बघितलंय."

"रात्री दोन वाजता आपण जागे कशासाठी होता?"

"टँकर आला व्हता न. तिनंच कडी वाजवून उठवलं मला."

येथे वाचकाला जे दिसले, ते त्या दोन सुज्ञ गृहस्थांना दिसले नाही. म्हणून टँकरची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता आणि पिंपळगल्लीतले नळ आता केवळ स्मारके म्हणून उभे होते. पाणी टँकरने येई. टँकर धर्मापुरीकडच्या एका विहिरीवर भरे, आणि तिथल्या मोटारीला वीज रात्रीच मिळत असल्यामुळे चालक बंकट एका रात्रीआड, मध्यरात्र ते पहाट यांच्या दरम्यान केव्हाही अवतरे. आरंभी गल्लीत घागरी फुटल्या, एका सुनेने दुसरीच्या सासूला नळीने भिजवले, आणि दुष्काळात असे भिजवणे हा अपमान की उधळपट्टी यावर वाद झाला. तेव्हा राधाकिशनरावांनी कलहावरचा एकमेव उतारा म्हणून सहकार सुचवला. पिंपळगल्ली पाणी मंडळ स्थापन झाले. अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. उरले एक पद, टँकर प्रतिनिधीचे. बंकटचा फोन घेणे, घरोघर कडी वाजवणे, नळी लावणे आणि शेवटची टाकी भरेपर्यंत पाळीवरून भांडण होऊ न देणे, एवढीच त्याची कर्तव्ये.

"या पदासाठी इच्छुकांनी नावे द्यावीत," अध्यक्ष म्हणाले, आणि सभा स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागली.

मग केशरबाईंना शिवकन्या आठवली. पोरगी धाडसी, शिकलेली, शिवाय मोबाईलवाली. त्यांनी नाव सुचवले आणि अनुमोदन दिले प्रत्यक्ष सुंदररावांनी. राधाकिशनरावांच्या घराशी संबंधित ठरावाला सुंदररावांचे अनुमोदन, ही घटना इतकी अपूर्व होती की अध्यक्षांनी ती इतिवृत्तात अधोरेखित केली. बिनविरोध. ज्या शब्दासाठी सहकारातली मोठमोठी माणसे महिना महिना पाया पडत फिरतात, तो शब्द आपल्या लेकीला मताचा अधिकार मिळण्यापूर्वीच मिळाला. त्यांनी पेढे वाटले. ज्या पदाला एकही इच्छुक नाही त्या पदावरची बिनविरोध निवड म्हणजे सन्मान नव्हे, वेठ आहे, हा विचार आयुष्य सहकारात घालवलेल्या या माणसाला पेढे संपेपर्यंत सुचला नाही आणि संपल्यावरही सुचला नाही.

सरस्वतीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, तो पहिल्याच आठवड्यात सुचला होता. "पोरीला झोप मिळंना," असे त्या म्हणाल्याही होत्या. परंतु हे विधान भाकरी थापता थापता झाल्यामुळे सभेसमोर रीतसर आले नाही. "मग मी उठत जाते," असेही त्या म्हणाल्या, तेव्हा राधाकिशनरावांनी त्यांना समजावले की निर्वाचित प्रतिनिधी परस्पर बदलण्याचा अधिकार पतीलाही नाही आणि पत्नीलाही नाही. तो सर्वसाधारण सभेचा आहे. शिवाय सोळाव्या वर्षी झोपेचे काय एवढे.

असो. सुंदररावांचा सल्ला वीस वर्षांत प्रथमच स्वीकारण्यात आला आणि मोबाईल सोसायटीच्या कचेरीतल्या कपाटात बंद झाला. त्या रात्री बंकटने इमानाने फोन केला. कुलपाआड, रिकाम्या कचेरीत, मोबाईल किती वेळ वाजला हे कोणी सांगू शकत नाही. बंकटने थोडा वेळ वाट पाहिली, पलीकडच्या गल्लीतले लोक जागे होते त्यांना टँकर दिला, आणि तो निघून गेला.

सकाळी पिंपळगल्ली अध्यक्षांच्या दारात जमली.

"आमच्या घरी पावणे आलेत, भाऊ," केशरबाई म्हणाल्या. "त्येंना आंघूळ कशानं घालू, तुमच्या नियमानं?"

सर्वांत मोठा आवाज सुंदररावांचा होता. मोबाईल काढून घेण्याची सूचना आपलीच होती, याची आठवण करून दिल्यावर ते म्हणाले, "सूचना कुणाचीबी असंल. अंमलबजावणी तुमची."

मोबाईल परत आला. पण विश्वास गेला होता. फोनचा भरवसा नको, प्रतिनिधीने ओट्यावर प्रत्यक्ष बसूनच वाट पाहावी, असे गल्लीने एकमताने ठरवले. म्हणजे पूर्वी जी मुलगी फोन येईपर्यंत तरी डोळा मिटत असे, ती आता उघड्या डोळ्यांनी बसू लागली.

आणि याच आठवड्यात राधाकिशनरावांनी आत्मविश्वासवर्धनाचा आपला स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. पहाटे उठावे, थंड पाण्याचा हबका तोंडावर मारावा (दुष्काळामुळे अर्धाच), आरशासमोर उभे राहावे आणि स्वतःच्या सामर्थ्याविषयी पाच सुघटित वाक्ये स्पष्ट उच्चारांत म्हणावीत. वाक्ये त्यांनी स्वतः रचली होती. त्यांतले सर्वांत लहान वाक्यही एका श्वासात संपत नसे. टँकरच्या रात्री तर शिवकन्या ओट्यावरून उठून थेट आरशासमोर येई, आणि "माझ्या अंगी वसणारे बळ परिस्थितीच्या प्रतिकूलतेने उणावणारे नसून" इथपर्यंत आली की भिंतीला टेकून गप्प होई.

"पुढे?" राधाकिशनराव विचारीत.

"पुढचं येईना, अण्णा."

ही तीच मुलगी होती जिला पूर्वी वर्गात 'खाली बस' म्हणून सांगावे लागे. आता गुरुजींनी प्रश्न विचारला तर उत्तर ठाऊक असून ती मान खाली घाली. मैत्रिणी हसल्या तर आपल्यालाच हसल्या असे तिला वाटे. दोनदा ती सरांना म्हणाली की संघातून माझे नाव काढा, दुसरी कोणी घ्या. निवडीच्या आधीच ती स्वतःला बाद करू पाहत होती आणि तिचा बाप अधिक लांब वाक्ये रचीत होता.

शेवटी एका संध्याकाळी, मैदानाच्या कडेला, राधाकिशनरावांनी तिला समोर बसवले. शहादेव सर शेजारी उभे होते. भय आणि सामर्थ्य यांच्या परस्परसंबंधावर एक विस्तृत वाक्य राधाकिशनरावांनी आरंभिले. ते क्रियापदापर्यंत पोचण्यापूर्वीच शिवकन्या बसल्या जागी झोपी गेली.

वीस वर्षांत लोकांनी त्यांचे भाषण अडवले होते, सभात्याग केला होता, एकदा ध्वनिक्षेपकाची तार काढून घेतली होती. ते सारे विरोध होते, आणि विरोधाला उत्तर असते. हे निराळेच होते. त्यांनी चकित होऊन सरांकडे पाहिले.

"राधाकिशनराव," सर हलक्या आवाजात म्हणाले, "पोरगी रातच्याला झोपती का?"

शिवकन्या दचकून जागी झाली. "म्या भेत न्हाई, अण्णा," ती घाईघाईने म्हणाली, जणू चर्चा अजून तिथेच होती. "समोरची पोरगी हालती ते मला दिसतं. पर दिसंस्तवर तिनं पाय धरलेला असतो. रोज तसंच व्हतं. मग वाटतं, आपल्याला हे येतच न्हाई. आधी तरी खरंच येत व्हतं का, का लोकच उगं म्हणत व्हते."

राधाकिशनराव काही बोलले नाहीत. परिसरात ही बातमी पसरली असती तर लोक विचारपूस करायला आले असते.

उपाय आता उघड होता, आणि साधा माणूस त्याच रात्री मुलीला झोपवून स्वतः ओट्यावर बसला असता. परंतु राधाकिशनराव साधे नव्हते, सचिव होते. प्रतिनिधीने राजीनामा द्यावा, सभेने तो स्वीकारावा आणि नवा प्रतिनिधी निवडावा, हाच मार्ग. सभा मारुतीच्या पारावर बोलावली. विषय कळल्याबरोबर गल्लीत विलक्षण घटना घडू लागल्या. केशरबाईंचे गुडघे धरले. सुंदररावांना उमापूरच्या साडूची तीव्र आठवण झाली. एरवी कोणाच्या तरी भांडणासाठी भरून जाणारा पार सभेच्या वेळी ओस पडला, आणि गणपूर्तीअभावी अध्यक्षांनी सभा अर्ध्या तासापुरती तहकूब केली.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हा नियम राधाकिशनरावांनी इतरांना अनेकदा ऐकवला होता. तो स्वतःवर उलटण्याची ही पहिलीच वेळ. अर्ध्या तासाने पारावर अध्यक्ष आणि त्यांना जेवायला बोलावण्यासाठी आलेल्या सरस्वतीबाई, एवढेच सभासद हजर होते.

"राजीनामा मंजूर," अध्यक्ष म्हणाले. "नव्या प्रतिनिधीसाठी नाव सुचवावे."

"तुमचं," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"सूचक तुम्ही. अनुमोदक कोण?"

"माझी भाकर तव्यावर हाय. बिनविरोध म्हणा आन् चला."

अशा रीतीने राधाकिशनराव निवडून आले. पेढे वाटले गेले नाहीत.

पहिल्या रात्री त्यांना आपण तरुण झालो असे वाटले. दुसऱ्या पाळीला कडी वाजवताना ते घर चुकले. मग दिवसा अक्षरे एकमेकांवर चढू लागली, कचेरीत कोणी हसले तर ते आपल्या टोपीला हसले असावेत अशी शंका येऊ लागली, आणि एरवी ज्या शिपायाला ते तीन मुद्द्यांत आज्ञा करीत, त्याला "तुला काय वाटतं?" असे विचारू लागले. तिकडे शिवकन्या पहिले काही दिवस नुसती झोपली. शाळेतून यावे, जेवावे, झोपावे. आरसा रद्द झाला होता. मग एका सकाळी तिने भाकरीत मीठ जास्त झाल्याची तक्रार केली, आणि सरस्वतीबाईंना इतके बरे वाटले की त्या तिला रागावल्याही नाहीत.

अशात सोसायटीची वार्षिक सभा आली. मांडव भरला. अहवाल वाचून झाला आणि सुंदरराव, उमापूरहून ताजेतवाने होऊन परतलेले, हरकत घेण्यास उभे राहिले. हरकत जुनीच होती. लोकांनी मांडी सावरली, पाने लावली. राधाकिशनराव उत्तरासाठी उठले. उत्तराचे तीन मुद्दे होते, हे त्यांना नक्की आठवत होते. पहिला कोणता, ते आठवेना. दुसरा ओठांवर येऊन विरघळला. तिसरा सापडला, पण त्याच्याकडे पाहता पाहता तो त्यांना पोकळ वाटू लागला. आणि मग, वीस वर्षे आपण जे बोलत आलो त्यात तरी काही तथ्य होते का, असा एक गार विचार मनात शिरला.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

मांडवात मागून कोणीतरी विचारले, "सचिवाला ताप हाय का?" राधाकिशनरावांना त्याचे भानही नव्हते. चार पावले आत जाऊन माघारी का वळावेसे वाटते, हे त्यांना त्या खुर्चीवर बसून पुरते उमगले होते. आणि हे सारे मुलीने सोळाव्या वर्षी, दहावीचा अभ्यास करून, एकटीने सोसले होते.

संध्याकाळी सुंदरराव घरी आले. विजयी माणसाचा चेहरा असा नसतो.

"हे काय केलंत, सचिव?" ते खाटेवर बसत म्हणाले. "म्या महिनाभर तयारी केलती. तुमचं उत्तर आल्यावर काय बोलायचं, ते समदं पाठ केलतं. तुमी मधीच मान टाकली. लोक म्हणायलेत, सुंदररावानं आजारी माणसाला धरलं."

"मी आजारी नाही. मला झोप येते आहे."

शिवकन्येने चहा आणून दिला, तेव्हा सुंदररावांनी तिच्याकडे नीट पाहिले. मग खाकरून म्हणाले, "पाळी लावा. घरामागं एक रात. पहिली माझी लिहा. केशरबाई काय म्हणती ते म्या बघतो. पर पुढच्या साली उत्तर पायजे, तीन मुद्द्याचं."

"चार देईन," राधाकिशनराव म्हणाले.

निवडीच्या दिवशी परळीच्या मैदानावर ऊन करकरीत होते. आदल्या रात्रीची पाळी राधाकिशनरावांचीच होती, आणि बंकट पहाटे उगवला होता. डोळे ताणून ते कडेला उभे राहिले. शिवकन्या चढाईस गेली. एक पाऊल, दोन, चार. ती थबकली नाही. निदानरेषा ओलांडून डावीकडे झुकली, कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्याला तिची बोटे लागली, झटापट झाली, दोघी कडेच्या राखीव पट्ट्यात गेल्या आणि तिथून उसळी मारून शिवकन्येने मध्यरेषा गाठली.

पंचांनी शिट्टी वाजवली आणि तिलाच बाद दिले. राखीव पट्ट्यात पाय गेला म्हणून.

राधाकिशनरावांनी हरकत घेण्यासाठी हात वर केला. शब्द आले नाहीत. पण मैदानात शिवकन्या जागची हलली नव्हती.

"सर, हात आधी लागला, पाय नंतर गेला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "झटापट सुरू झाल्यावर तो पट्टा मैदानातच धरतेत. तुमी रेषेवरच्या सरांना विचारा. ते म्हणले बाद, तर म्या जाते भाईर."

पंचांनी तिच्याकडे पाहिले, मग रेषेवरच्या पंचांकडे. दोघांत थोडी कुजबुज झाली. निर्णय फिरला. कोपऱ्यातली मुलगी बाहेर गेली, आणि शिवकन्या जणू काही विशेष घडलेच नाही अशी परत जागेवर येऊन उभी राहिली. त्यानंतरच्या चढायांविषयी राधाकिशनराव काही सांगू शकत नाहीत. ते शाळेच्या व्हरांड्यात सावलीला टेकले, एवढेच त्यांना स्मरते.

नावे जाहीर झाली तेव्हा तिचे नाव दुसरे होते. शहादेव सर धावत व्हरांड्याकडे आले. खांबाला डोके टेकलेले, टोपी मांडीवर, तोंड किंचित उघडे, अशा अवस्थेत सचिव सापडले.

"उठवतो यांना," सर म्हणाले. "पेढ्याचं बघाया लागंल."

"राहू द्या, सर," शिवकन्या म्हणाली. तिने टोपी उचलून त्यांच्या डोळ्यांवर सावली येईल अशी ठेवली. "झोपू द्या. रातच्याला त्यांची पाळी हाय."

हे शब्द राधाकिशनरावांना झोपेच्या काठावर स्पष्ट ऐकू आले. विधान चुकीचे होते. त्यांची पाळी काल होऊन गेली होती आणि आज टँकर येणारच नव्हता. दुरुस्ती सुचवण्यासाठी त्यांनी ओठ हलवले, पण क्षणभर विचार करून ठराव आहे तसा मंजूर होऊ दिला आणि मान खांबावर सैल सोडली.